उलट्या ओळीतली पणजी

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (त्यातलं शिर तूर्त वगळावं. मानेला पट्टा आहे, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, आणि तो पट्टा कसा आला हेच या पत्राचं निम्मं कथानक आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? इकडे दुकान ठीक चाललं आहे. लोकांचे डोळे बिघडायचे थांबलेले नाहीत. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, कारण तुमचा जुना चष्मा कितपत कामाचा उरला आहे ते तो बनवणाऱ्याला चांगलं ठाऊक आहे. तरी उजेडात बसून वाचावं, आणि मध्येच रागावून पत्र बाजूला ठेवू नये. रागवायच्या जागा पुढे भरपूर आहेत, सगळा राग आत्ताच खर्च करू नका.

तर तुमच्या पंचाहत्तरीला दिवाणखान्याच्या भिंतीवर तुमच्या माहेरच्या घराण्याचा वंशवृक्ष रंगवून घ्यायचा, आणि त्याच्या मुळाशी कोणाचं नाव लिहायचं ते मी शोधून आणायचं, असं आपलं ठरलं. (ठरलं म्हणजे तुम्ही फोनवर सांगितलंत आणि फोन ठेवलात. मुख्याध्यापिका असतानाही तुमचं असंच ठरायचं, हे तुमचे जुने विद्यार्थी माझ्याकडे डोळे तपासायला आले की अजून सांगतात.) चित्रकाराने खोड आणि फांद्या काढून ठेवल्या आहेत, आणि मुळाशी जहाजाचा नांगर. कारण तुमच्या आजोबांचे वडील कप्तान होते आणि जहाजासकट बुडाले, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. फक्त कप्तानाचं नाव कोणालाच पाठ नाही, आणि याचं नवल मला या वयापर्यंत वाटलं नव्हतं. मुलींच्या फांद्यांनाही पानं द्यायची, आपण सुधारलेले लोक आहोत, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. त्याच दमात हेही सांगितलंत की तुमच्या धाकटीच्या फांदीला पुढे पान काढायचं नाही. मी 'बरं' म्हणालो. तुमच्यासमोर मी आजवर दुसरं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण आत्या, धाकटीची मुलगी आता हसायला लागली आहे, आणि आईचं लग्न झालेलं नाही म्हणून ती जरा कमी हसते असं काही दिसत नाही.

जुन्या जन्मनोंदींचा दप्तरखाना म्हणजे एक लांबलचक खोली, उंच खिडक्या, आणि जुन्या कागदाची अशी धूळ की पहिल्या दिवशी मी शिंकण्यापलीकडे काही काम केलं नाही. तिथल्या व्यवस्थापक बाईंना मी मनातल्या मनात शांतताबाई म्हणतो. त्यांचे नियम कडक. शाई आणायची नाही, पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, आणि जन्मनोंदीची वही लाकडी घोडीवर ठेवलेली असते ती तसूभरही हलवायची नाही, कारण सगळ्या वह्यांची शिवण उसवत आली आहे. (हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, माझ्या मानेचा त्याच्याशी थेट संबंध आहे.) दुकान बंद असेल त्या दिवशी मी जायचो आणि बापाच्या रकान्यावरून बोट फिरवत आपलं आडनाव शोधायचो. सुतार सापडले, पाथरवट सापडले, घड्याळं दुरुस्त करणारे सापडले. कप्तान एकही नाही. एक नावाडी मिळाला होता, आडनावही जवळपास आपल्यासारखं, आणि मी त्याला बढती देण्याच्या बेतात होतो. पण त्याला सगळ्या मुलीच निघाल्या. मधूनमधून एखादी ओळ उलटी लिहिलेली असायची, अक्षरांचे पाय वर आणि डोकी खाली. आता मी पडलो चष्मेवाला. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून मी पोट भरलं आहे. त्या ओळी वाचून बघाव्यात हे सुचायच्या आधी मी त्या लिहिणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांचं निदान करून मोकळा झालो. जेवणानंतर पेंगत असेल, वही फिरलेली कळली नसेल, आणि नंबर बराच वाढलेला असणार. शंभरेक वर्षं उशीर झाला नसता तर मी त्याला चष्माही दिला असता. त्या ओळी मी सोडून देत गेलो. सगळ्याच्या सगळ्या.

माझ्या समोरच्या खुर्चीत एक निवृत्त दंतवैद्य बसायचे. त्यांना त्यांच्या घराण्यात कोणीतरी मोठा माणूस झालेला हवा होता आणि तो काही सापडत नव्हता, त्यामुळे त्यांचं निम्मं लक्ष माझ्या वहीत. तुमच्या दिवाणखान्यातल्या कप्तानाच्या तसबिरीचा फोटो मी जवळ ठेवला होता, चेहरेपट्टी जुळवायला. (जन्मनोंदीत चेहरे नसतात हे मला तिथे गेल्यावर कळलं.) दंतवैद्यांनी तो फोटो पाहिला आणि विचारलं, "हे तुमच्याकडे कसे? हे आमच्या आजीचे काका. न्यायाधीश होते." आमचं कुजबुजत चांगलंच भांडण झालं. पुढच्या खेपेला ते त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो घेऊन आले. तीच दाढी, तोच गळ्याशी उघडा राहिलेला गुंडीचा काज, हातात तीच गुंडाळी, जिला आपण समुद्राचा नकाशा म्हणतो आणि ते निकालपत्र म्हणतात. कोणा तसबिरीवाल्याने एके काळी दाढीवाले पूर्वज घाऊकीने विकले असावेत, असं आम्ही दोघांनी शेवटी ठरवलं आणि बाहेर जाऊन चहा घेतला. आत्या, तसबीर उतरवा असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं घरात राहिलेल्या माणसाला कोणी बाहेर काढत नाही.

त्या चहानंतर दंतवैद्य माझे मित्र झाले, आणि मित्र झाल्यामुळे उघडपणे माझ्या वहीत डोकावू लागले. एका दुपारी मी पान उलटणार तोच त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "तुमच्या आडनावाची बाई इथे आहे हो. तुम्ही तिला ओलांडून चालला आहात." ती उलटी ओळ होती. मला उलटी म्हणजे समोर बसलेल्या त्यांना सुलट. मी मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली, मग जवळजवळ टेबलावर आडवा होऊन डोकं वहीच्या वरच्या कडेला नेलं, आणि तिथे मानेत काहीतरी कट्‌कन वाजलं. शांतताबाई आल्या. मला वाटलं आता बाहेर काढतात. पण त्या म्हणाल्या, "वही हलवता येत नाही. तुम्ही हला ना. पलीकडे जाऊन बसा." मग दंतवैद्य माझ्या खुर्चीत आले, मी त्यांच्या खुर्चीत गेलो, आणि शांतताबाईंनी हळू आवाजात सांगितलं की या गावचा तो कारकून बापाचं नाव नसलेल्या मुलांची नोंद अशीच लिहायचा, वही उलटी फिरवून.

तुमच्या आजोबांची ती नोंद आहे. नाव तेच, जन्मतारीख तीच, घरातल्या पेटीत असलेल्या त्यांच्या शाळेच्या दाखल्याशी मी ती ताडून पाहिली. आईच्या रकान्यात एका मुलीचं नाव, पुढे आपलं आडनाव, वय एकोणीस, काम इस्त्रीचं. बापाच्या रकान्यात पट्टीने ओढलेली एक आडवी रेघ. म्हणजे आपण जे आडनाव इतक्या तोऱ्याने मिरवतो ते कप्तानाचं नाही, तिचं आहे. मी इतके आठवडे आपला मूळपुरुष शोधत होतो, आणि आपला मूळपुरुष ही एक इस्त्री करणारी पोरगी निघाली. मला हसू यायला हवं होतं. आलं रडू. दंतवैद्य भले माणूस, ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मग मी त्या खुर्चीतून उठलोच नाही. शांतताबाईंकडून मागच्या वह्याही मागवल्या आणि मी सोडून दिलेल्या उलट्या ओळी एकेक करून वाचल्या. शिवणकाम, स्वयंपाक, पुन्हा शिवणकाम, एक शिक्षिका. त्या कारकुनाचा मला फार राग आला. एवढी जड वही, ती उचलून फिरवायची, एक ओळ लिहायची, पुन्हा उचलून जागेवर आणायची. दुसऱ्याला कमी लेखायला माणूस किती कष्ट घेतो बघा. पण तिथे बसल्याबसल्या एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती तुम्हाला सांगायची म्हणूनच मी हे पत्र लिहायला घेतलं. कारकून टेबलाच्या त्या बाजूला, माझ्या जुन्या जागेवर. नोंद द्यायला आलेली माणसं या बाजूला, जिथे मी आता बसलो होतो. वही जागेवर आली की कारकुनाला ती ओळ उलटी दिसायची. पण समोर उभ्या असलेल्या बाईला त्या अख्ख्या पानावर तेवढी एकच ओळ सुलट दिसायची. बाकीचं सगळं जग उलटं आणि तिचं मूल तेवढं सरळ. त्या कारकुनाला हे कधी कळलं नसणार.

आणि त्या बाजूला मुलगी एकटी आली नव्हती. 'नोंद देणारी व्यक्ती' असा एक रकाना आहे. बाकीच्या उलट्या ओळींत तिथे बहुतेक ठिकाणी सुईणीचं नाव आहे, कारण घरचं कोणी यायला तयार नसायचं. आपल्या ओळीत लिहिलं आहे 'आईची आई', आणि पुढे अंगठा. चांगला दाबून, ठसठशीत उठवलेला. अंगठ्याला उलटं सुलट काही नसतं, आत्या. तो दोन्हीकडून सारखाच दिसतो.

तुम्हाला आठवतं, तुमचे आजोबा स्वतःच्या सदऱ्याला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत? रोज सकाळी स्वतः इस्त्री करायचे, आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, आणि तुम्हाला शेजारी स्टुलावर बसवून पाणी शिंपडायचं काम द्यायचे. हे तुम्हीच मला कितीदा सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणाला आहात की जहाजावरची शिस्त रक्तात असते. शिस्त होतीच. जहाज मात्र नव्हतं. ते कोणाशेजारी उभं राहून शिकले ते आता आपल्याला माहीत झालं. कप्तानाची गोष्ट कोणी रचली कोण जाणे, कदाचित त्यांनीच, लग्न ठरायच्या वेळी. मला त्यांचा राग येत नाही. आईला लपवून ठेवावं लागणं ही काही सुखाची गोष्ट नसणार.

चित्रकाराला मी अजून काही सांगितलेलं नाही. सहज म्हणून एवढंच विचारलं की त्या नांगराची इस्त्री करता येईल का. तो म्हणाला, वरची कडी ठेवली आणि खालचा भाग बुजवला तर करता येईल, पण बाईंची परवानगी लागेल. बाईंची परवानगी कशाला लागत नाही, असं मी त्याला म्हणालो. तेव्हा मुळाशी काय काढायचं आणि धाकटीच्या फांदीला पान द्यायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा. भिंत तुमची आहे. मी आपला निरोप्या.

पत्र लांबलं. गुडघ्याला जपा, जिना चढताना कठडा धरा.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
भाचा

ता. क. तुमचा नवा चष्मा तयार आहे. एरवी मी घरी आणून दिला असता, पण या पट्ट्यामुळे मला रस्त्यावर पायाखालचं दिसत नाही. तेव्हा येत्या गुरुवारी सकाळी अकराला तुम्हीच या.

ता. क. दुकानात येऊ नका. नोंदणी कार्यालयात या, तळमजल्यावर, पहिल्या खिडकीपाशी. धाकटीच्या मुलीची नोंद करायची आहे. हल्ली सगळ्यांची नावं एकाच दिशेने लिहितात, मी चौकशी केली आहे. पण 'नोंद देणारी व्यक्ती' हा रकाना अजून आहे. धाकटी स्वतःही सही करू शकते. मीही तयार होतो, 'आईचा मामेभाऊ' असं लिहून. पण मान खाली होत नाही, आणि न बघता केलेली सही कार्यालयात चालत नाही असं डॉक्टरांचं मत आहे. (डॉक्टरांना मी हे विचारलेलं नाही.)

ता. क. हे पत्र मी धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, मुलीला मांडीवर घेऊन लिहिलं. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यावर जो डाग आहे तो चहाचा नाही. तुम्हाला बोलवावं असं धाकटी एका शब्दाने म्हणालेली नाही. फक्त मघाशी पाठमोरी उभी राहून तिने विचारलं की आई गोळी वेळेवर घेते का. म्हणून तो प्रश्न पत्राच्या सुरुवातीला आहे. तो माझा नाही.

ता. क. शेवटचं. चष्मा माझ्याकडे नाही, धाकटीच्या पिशवीत ठेवला आहे, आणि तो घातल्याशिवाय तुम्हाला सहीची जागा दिसणार नाही. गेल्या वर्षापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत, त्यामुळे पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ही अडचण असेल. 'माझा चष्मा दे' एवढं पुरे आहे.