अर्ध्यावर कापलेला शब्द

रविवार, १४ नोव्हेंबर
दुपारची भांडी घासून झाल्यावर

लाडके ठके,

तुझ्या म्हातारीचा तुला पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते पहिल्यापासूनच कुरकुऱ्या स्वभावाचे. दात उरलेत तेवढे आपसांत भांडत नाहीत. हाताचं मागाहून सांगते. तू वेळेवर जेवतेस ना? ‘हो आजी’ म्हणू नकोस, तुझं ‘हो आजी’ मला चांगलं ओळखू येतं.

पाकिटावरचं अक्षर कुणाचं, ते तू बघताक्षणी ओळखलंस. पाकीट टेबलावर पालथं टाकलंस, उगाच चहा केलास, चहा गार झाला तेव्हा कुठे फोडलंस. बरोबर ना? अगं, अक्षर त्याचं असलं तरी शब्द माझे आहेत. तुझा दादा समोर बसलाय, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. मी बोलते आणि तो लिहितो. मला काळं-पांढरं सोडून कागदावरचं काही कळत नाही, म्हणजे हा बाबा काय वाट्टेल ते लिहू शकतो. म्हणून मी आधीच सांगून ठेवलंय, की पाकीट डकवायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई चष्मा लावून हे पत्र मला मोठ्याने वाचून दाखवणार.

‘एखादा शब्द खाल्लास तर मला कळेल हं.’
‘आजी, मी शब्द खात नाही.’
‘खात नाहीस, गिळतोस. चार वर्षं गिळतोयस.’

हेही लिहायला लावलं. लिहिलंय की नाही ते शिंपीणबाई सांगतीलच.

मुद्द्याचं आधी बोलते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. ठके, तू घरी ये. तुझ्याकडचा अर्धा शब्दकोश घेऊन ये. आणि लवकर ये. तुमची आई, माझी लेक, गेली त्या दिवसापासून तुम्ही बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाही. मी मधे पडले नाही. मोठी झालेली पोरं, म्हटलं आपणच वळणावर येतील. पण परवा असं काही बघून आले, की आता मला गप्प बसवत नाही.

परवा गोंद्याने मला त्याचा कारखाना दाखवला. (गोंद्या म्हटलं की तुझा दादा पेन जोरात दाबतो. गोंदाच्या कारखान्यात नोकरी केलीस तर काय शेठजी म्हणू?) मी जन्मभर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात खळ लावली. मैदा शिजवला, पुठ्ठ्याला फासला, दाबाखाली ठेवला, सकाळी पुस्तक तयार. ते का चिकटतं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. भाकरी का फुगते हे तरी कोण विचारतं?

त्याच्या खोलीत सगळीकडे पांढऱ्या फरशा, लोखंडी टेबलं, आणि नाकात जाऊन बसणारा वास. त्याने लाकडाच्या दोन पट्ट्या आणल्या, आदल्या दिवशी एकमेकींना चिकटवलेल्या. एका यंत्राने त्या दोन्ही बाजूंनी धरल्या आणि ओढायला लागलं. यंत्र कण्हलं. मी पदर तोंडाशी धरला. कडकन आवाज झाला, आणि ठके, लाकूड फाटलं! जोड जशाचा तसा. मी हात लावून बघितला. झाड तुटलं, पण माणसाने केलेला सांधा सुटला नाही. मी तिथल्या स्टुलावर बसूनच घेतलं.

मग त्याने मला सांगितलं. किती सोपं करून सांगितलं गं! लहानपणी तुला गणित शिकवायचा तसं. म्हणाला, ‘आजी, घट्ट वस्तू घट्ट वस्तूला धरत नाही. कितीही घासून गुळगुळीत केली तरी दोघींच्या अंगाला खाचाखोचा असतात, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. नुसत्या टेकल्या तर चार ठिकाणी टेकतात, बाकी मोकळ्याच. म्हणून मधे काहीतरी पातळ जावं लागतं. ते सगळ्या खाचांत शिरतं, दोघींना भिजवतं, आणि मग तिथल्या तिथे घट्ट होतं.’

‘म्हणजे आधी पातळ व्हायचं, मग धरायचं?’
‘हो. आम्ही त्याला लिक्विड म्हणतो.’

त्याने दोन बाटल्यांतलं थोडं थोडं कागदी पेल्यात ओतलं, काडीने ढवळलं आणि पेला माझ्या हातात दिला. ‘नुसता धरून बस.’ बसले. दोन्ही औषधं गार होती, मी स्वतः बोट लावून बघितलं होतं. जरा वेळाने म्हणतो, ‘आजी, लागतंय का ऊन ऊन?’ मी म्हटलं, हो हो. मग पेला डाव्या हातात घेतला आणि दचकलेच! चुलीवरून उतरवल्यासारखा तापलेला. ना जाळ, ना निखारा. दोन गार वस्तू एकत्र येताना आपली आपण ऊब सोडत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं बघ. ऐंशीच्या घरात आल्यावर असं काही बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्याने पेला पटकन काढून घेतला आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. त्याबद्दल पुढे.

मी विचारलं, ‘लिक्विड म्हणजे नक्की काय रे? पुस्तकात काय म्हटलंय?’ तो उठला आणि कपाटातून काय काढलं असेल? शब्दकोशाचा त्याचा अर्धा भाग! घरी नाही ठेवत, तिथे ठेवतो, बाटल्यांच्या शेजारी.

शिंपीणबाईंना कळावं म्हणून सांगते. ही दोघं लहान असताना घरात एकच इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. हा इकडून ओढायचा, ती तिकडून. एक दिवस मी वैतागले, सुरी घेतली आणि त्याचे दोन भाग केले. छापील कागदाला घड्या घातल्या की त्याला आम्ही फर्मा म्हणतो. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, पुढच्याची जरा खाली. सगळे फर्मे नीट रचले की पाठीवरून काळा जिना उतरतो. पायरी चुकली की पुस्तक चुकलं. वाचता न येता याच जिन्यावर मी पोट भरलं, एक पान इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. शब्दकोशाचीही जाडी हाताने जोखली, बरोबर मध्यावरच्या फर्म्याच्या सांध्यात सुरी घातली, दोन्ही भागांना छान पुठ्ठे चढवले. पहिला भाग याला, दुसरा तिला. तुमची आई हसत म्हणाली होती, ‘आई, तू भांडणाचेच दोन खंड केलेस.’

तर गोंद्याने शेवटचं पान उघडलं आणि वाचलं. लिक्विड. एक, पाण्यासारखं वाहणारं. दोन, रसायनशास्त्रात, घनही नाही आणि वायूही नाही असं. तीन, पैशाच्या व्यवहारात, सहज...

आणि थांबला.

‘पुढे?’
‘पान संपलं. पुढचं तिच्याकडे आहे.’

ठके, मी शब्दाच्या मधून सुरी घातली होती गं! मला बिचारीला काळा जिना दिसला, शब्द कुठे दिसतोय? आणि तेव्हा मला तुमचं ते ओरडणं आठवलं. हा आतल्या खोलीतून ओरडायचा, ‘ठके, पुढे!’ आणि तू घराच्या जिन्यात बसून उरलेलं वाचायचीस. कितीदा तरी. मी खळ ढवळत ऐकायची आणि म्हणायची, काय खेळ शोधून काढलाय पोरांनी. तो खेळ नव्हता. तुम्ही माझी चूक दोन्ही बाजूंनी सांधत होता, आणि म्हातारीला वाईट वाटायला नको म्हणून तोंडातून अक्षर काढत नव्हता. तुमच्या आईला तर वाचता यायचं. तीही बोलली नाही. एवढ्याशा घरात एवढी मोठी माया माझ्यापासून लपवून ठेवलीत, आणि मला वाटायचं या घरात मीच तेवढी हुशार.

मी गोंद्याला विचारलं, ‘मग पुढचं कुठे शोधलं नाहीस? फोनवर सगळं सापडतं म्हणतात.’
‘सापडतं. मी शोधलं नाही.’

म्हणून त्या संध्याकाळी मी तुला फोन करून विचारलं, लिक्विड म्हणजे काय गं. तुला वाटलं असेल, आजीचं डोकं फिरलं. पण तूही काय सुरेख सांगितलंस! ‘आजी, समज तुझ्या मालकीची खाण आहे, पण आज औषधाला पैसे नाहीत. तर ती खाण लिक्विड नाही. जे अडल्या वेळी सहज रोख होऊन हाताला येतं, ते लिक्विड. आमच्याकडे मोठमोठ्या कंपन्या बुडतात, त्या काही नसतं म्हणून नाही. असतं, पण वेळेला हाताला येत नाही. असून नसल्यासारखं.’ मग तू हसलीस. म्हणालीस, ‘पहिले दोन अर्थ माझ्याकडे नाहीत.’

फोन ठेवला आणि तुम्हा दोघांचं बोलणं मनात शेजारी शेजारी मांडलं. एक बाटल्यांत बघतो, एक पैशाच्या बाजारात. दोघंही एकाच शब्दाच्या दोन काठांवर उभे, आणि दोघांचंही खरं. धरायचं तर आधी पातळ व्हावं लागतं, आणि जे आहे ते वेळेला हाताला यावं लागतं. जगात एवढं सगळं एका शब्दात मावतं, आणि मी असे हजारो शब्द पुठ्ठ्यात बांधून दुसऱ्याच्या हवाली केले. (आत्ता तुझं बोलणं लिहिताना तो फार सावकाश लिहीत होता. चार वर्षांनी त्याचं पान पुढे गेलं.)

आता जे सांगते ते लिहायला तो तयार नाही. पेन खाली ठेवलंय. मी म्हटलं, ‘उचल. नाहीतर शिंपीणबाईंना लिहायला सांगेन, आणि त्या शेजारपाजाऱ्यांनाही सांगतील.’ उचललं.

ठके, त्या कारखान्याच्या गेटवर माझा फोन काढून घेतला. भिंतीत लाकडी खण आहेत, कबुतरांच्या घरांसारखे, त्यात ठेवला. पहारेकरी म्हणाला, ‘आजी, आत वाफा असतात. ठिणगीसुद्धा चालत नाही. सगळ्यांचेच फोन इथे.’ मी विचारलं, ‘कायम?’ म्हणाला, ‘काम संपेपर्यंत.’ गोंद्या बुटांकडे बघत होता.

कळलं तुला? त्या दिवशी तू दवाखान्यातून सारखा फोन करत होतीस ना, तो त्या खणात वाजत होता. हा आत होता. बाहेर येऊन हातात घेतला तोवर तुमची आई गेली होती. दवाखान्याच्या दारात तू त्याला म्हणालीस, ‘तू तुझ्या बाटल्याच सांभाळ.’ आणि हा दगडासारखा उभा.

मी परत येताना विचारलं, ‘अरे, सांगितलं का नाहीस तिला?’
‘काय सांगू? ती खोटं थोडंच बोलली? मी नव्हतोच तिथे.’

मी तुझी चूक काढत नाही. त्या खाटेशी तू एकटी होतीस, ते कुणीही पुसू शकत नाही. तो असून नसल्यासारखा होता. शब्द तुझाच आहे. पण तो फोन न उचलणारा नव्हता गं. त्याला ऐकूच आला नाही. एवढा फरक तुला माहीत असावा.

आता हाताचं. तो पेला मी आधी उजव्या हातात धरला होता आणि मला काही लागलंच नाही. ‘हो हो’ म्हटलं ते थाप होती. बोटं बधिर झालीत. सुई पडली तर कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे हळूहळू वर चढतं, गेलेलं परत येत नाही. रडू नकोस, या हाताने कामही भरपूर केलंय. पण अजून डावा आहे, आणि डोळ्यांना काळा जिना दिसतो. तोवर मला तो शब्दकोश परत एक करायचाय. टाके तू घाल. गोंद हा लावेल, त्याचा तो झाडं फाडणारा. मी शेजारी बसून दोघांना शिव्या घालीन. ते काम मला अजून उत्तम जमतं.

तर ये. खरंच लवकर ये.

शेवटचं. याच्या खाली मी चार बोटं जागा कोरी सोडायला सांगितलीय. शिंपीणबाई वाचून घरी गेल्या की मग तिथे तुझा दादा काय लिहायचं ते लिहील. मी ते कुणाकडूनही वाचून घेणार नाही. मला वाचता येत नाही याचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होतोय, होऊ दे.

डाव्या हाताचा अंगठा उमटवते आहे,

तुमच्या दोघांची,
शब्द कापणारी अंगठेबहाद्दर आजी


ठके,

शिंपीणबाई गेल्या. आजी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसली आहे.

गेटवरच्या टेबलावर एक फोन आहे. तो खणात जात नाही. त्याचा नंबर मागे लिहिला आहे. त्यावर फोन आला की आत येऊन मला हाक मारतात. हा नंबर तुला तेव्हाच द्यायला हवा होता.

‘तीन, पैशाच्या व्यवहारात, सहज...’

ठके, पुढे!

दादा