तात्पुरते ठरले

सोमवार, १५ नोव्हेंबर २००४
आजपासून रोज लिहायचे. पाडव्यालाच सुरू करणार होतो, पण चांगले पेन नव्हते.

आज केंद्रात कौसल्या आली. कुंभार पिंपळगाव, डी.एड. सोबत वडील पुंजाराम. आष्टीच्या रामरावांच्या मुलाने तिला बघितले, त्याला दोन महिने झाले. 'कळवतो' म्हणून राह्यले, ना हो ना न्हाई. म्हणून तुमच्या वधू-वर केंद्रात नाव घालायला आलो, असे ते मालकांना, म्हणजे वामनरावांना, सांगत होते. मी टाइप करत होतो. ती बाजूला उभी राहून स्क्रीन बघत होती.

"यात काही चुकलं तर बदलता येतं का?"

मी म्हणालो, एका कमांडमध्ये.

"मंग बरंय," ती म्हणाली.

माझ्या कामाबद्दल इतक्या मनापासून आजवर कोणी विचारलेले नाही. जे समजायचे ते मी समजलो.

मंगळवार, १६ नोव्हेंबर
निर्णय पक्का. रविवारी वामनरावांना सांगायचे की कौसल्यासाठी माझे स्थळ धरा. त्याआधी केस कापणे, निळ्या शर्टाला इस्त्री. बारावी झालेली आहे, फक्त इंग्रजी राहिले. ते मार्चमध्ये.

तिच्या 'अपेक्षा' रकान्यात 'पदवीधर' आहे. तो मी मिनिटात बदलू शकतो. पण बदलणार नाही. मी तसला माणूस नाही.

मालकीणबाई प्रेमलाकाकू फोनवर माझा उल्लेख 'आमचा टायपिंगवाला' असा करतात. टायपिंग आणि डेटाबेस यांतला फरक त्यांना शांतपणे समजावून सांगायचा.

बुधवार, १७ नोव्हेंबर
फरक सांगितला. काकू म्हणाल्या, बरं, चहा सांग.

कौसल्यासाठी आजच दोन फोन. एक परतूरचा, मुलगा बी.ए. काकूंनी खुशाल पत्ता दिला. शनिवारी यादी छापून तालुक्याच्या गावांना जाणार, मग सगळा जिल्हा तिचे नाव वाचणार. रविवारपर्यंत दम कसा काढायचा? जेवण गेले नाही.

संध्याकाळी उपाय सुचला. टेबलमध्ये एका मुलीची एक ओळ असते आणि शेवटचा रकाना 'स्थिती'. त्यात 'शोध सुरू' तरी असते नाहीतर 'ठरले'. यादीत 'ठरले' दिसले की कोणी चौकशी करत नाही. तिची स्थिती तेवढी 'ठरले' करायची. तात्पुरती. सोमवारी पुन्हा पहिल्यासारखी. हे खोटे नाही, जरा लवकर लिहिलेले खरे आहे.

गुरुवार, १८ नोव्हेंबर
काम फत्ते.

माउसने कोणीही बदल करतो. मी अपडेटची कमांड लिहिली. टेबल कोणते, रकाना कोणता, त्यात नवीन काय घालायचे. कोर्सला त्यापुढे व्हेअर नावाचेही काही शिकवले होते, पण त्या दिवशी मी गावी गेल्तो. महत्त्वाचे तेवढे येते. कमांड देण्याआधी कर्सर बराबर कौसल्याच्या ओळीवर नेऊन ठेवला, म्हणजे मशीनचा गोंधळ नको.

मशीनने इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारले. आदबीने 'हो' दाबले. तिची ओळ बघितली: 'ठरले'.

नियमाप्रमाणे लगेच फ्लॉपीवर कॉपी घेतली. जुन्या कॉपीवरच घ्यायची, म्हणजे फ्लॉपी वाचते. या बाबतीत मी कडक आहे.

शनिवार, २० नोव्हेंबर
कटिंगसाठी अर्धी सुट्टी. यादी काकूंनीच छापली, गठ्ठे एस.टी.ने रवाना केले.

कटिंग फारच बारीक झाली.

रविवार, २१ नोव्हेंबर
यादीत जिल्ह्यातल्या सगळ्या मुलींचे ठरले आहे. चारशे बारा.

केंद्रातला फोन ठेवला की वाजत होता. घनसावंगीच्या चांगुणाबाई तर समोर येऊन बसल्या. काकूंना म्हणाल्या, "माझ्या पोरीचं ठरलं अन् मलाच न्हाई सांगितलं? पोरगा कोण हाय, तेवढं तर सांगा."

मी व्हायरस असल्याचे सांगितले. फ्लॉपी लावली. तिच्यातही चारशे बारा. लागण तिथपर्यंत पोचली.

स्थळाचे आज बोललो नाही. वातावरण नव्हते.

सोमवार, २२ नोव्हेंबर
घाबरायचे कारण नाही. एका कमांडमध्ये सगळ्यांना पुन्हा 'शोध सुरू' करतो म्हणालो. वामनरावांच्या भाचीचे नावही टेबलात आहे, तिला आज हळद लागली. तिलाही शोध सुरू करतोस का, म्हणाले. आणि एकदा 'ठरले' छापून पुढच्या यादीत 'शोध सुरू' आले, की लोक काय वाचतील? मोडले असे. पोरीच्या नावाला ते कायमचे चिकटते.

हा मुद्दा कोर्समध्ये नव्हता.

आता काकू घरोघर फोन करून माफी मागणार आणि मी कागदावरचे अर्ज बघून एकेक ओळ नीट करणार. कौसल्याची ओळ शेवटी घेतो. घाई नाही.

गुरुवार, २५ नोव्हेंबर
मित्राची कोर्सची वही आणली. व्हेअर म्हणजे कोणाच्या ओळीत बदल करायचा ती अट. अट घातली नाही तर बदल टेबलातल्या सगळ्यांना लागतो. कर्सर कुठेही ठेवा. हे कोर्सवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होते.

बाकी सगळ्या ओळी दुरुस्त. तिची तेवढी राहिली. रविवारी नक्की बोलायचे. केसही थोडे वाढलेत.

शनिवार, २७ नोव्हेंबर
दुपारी पुंजाराम पेढे घेऊन आले. मागे कौसल्या.

आष्टीच्या रामरावांनी बाजारात आमची यादी वाचली. दोन महिने आपण लटकवून ठेवलेली पोरगी दुसऱ्याने नेली, असे वाटून त्यांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप करून दारात. पुंजाराम म्हणाले, "म्या काहीच बोललो न्हाई. तेच म्हणले, जे कोण आसंल त्याला न्हाई कळवा, आमच्यापेक्षा जास्त काय देऊन राह्यला त्यो?" परवा सुपारी फुटली.

वामनराव खूप हसले. आठवड्यात पहिल्यांदा.

मी कौसल्याला सांगू लागलो की तुमची ओळ अजून चुकीची आहे, ती आज बदलायचीच होती, फक्त काही कारणाने.

"भाऊ," ती म्हणाली, "आता बदलू नका."

'कोणाशी' रकान्यात मुलाचे नाव घालायला वामनरावांनी सांगितले. व्हेअर लावून घातले. मशीनने इंग्रजीत विचारले. या खेपेला डिक्शनरी घेऊन वाचले. एक ओळ बदलणार आहे, नक्की का, असे विचारत होते. 'हो' दाबले.

'स्थिती'ला हात लावावा लागला नाही. त्या गुरुवारी केलेल्यातले तेवढे बराबर निघाले.

पेढा खाल्ला. नव्या फ्लॉपीवर कॉपी घेतली.