ओसाकाची आई

दांडी, मालवण
४ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप आनंदीमावशीस,
दिव्याचा शि. सा. न. वि. वि.

दर रविवारी फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असे तुला वाटेल. फोन पडवीत आहे आणि आई तिथेच बसलेली असते. जे सांगायचे आहे ते तिच्यासमोर सांगता येत नाही. उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव.

तुला ठाऊक आहे, दोन वर्षे मी गुरुदासच्या सायबर कॅफेत बसून जपानी कार्टून बघते आणि त्यावरून ती भाषा शिकते. याच नादाच्या जगभरच्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. मी तिथे वर्षभर लिहीत होते. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकले, की माझी आई ओसाकाची आहे. का सांगितले, ते मलाही नीट सांगता येत नाही. मालवणची म्हटले असते तर कुणी लक्ष दिले नसते, असे वाटले असावे. मग एकाला एक जोडत गेले. आई किमोनो नेसते, आई चहाचा समारंभ शिकवते, वगैरे.

मागच्या आठवड्यात क्रो नावाने लिहिणाऱ्या कॅनडाच्या एका माणसाने विचारले, की घरात आईला हाक कशी मारतेस. कार्टूनमधली सामुराईंची मुले मारतात ती हाक मी लिहिली. त्याने उत्तर दिले, की अशी हाक चारशे वर्षांपूर्वी मारत असतील, हल्ली ओसाकात कुणी मारत नाही. मग सगळ्यांनी मिळून मला वीआबू ठरवले. जपानच्या कार्टूनांवर खुळावलेल्या, स्वतः जपानी व्हायला निघालेल्या परक्या माणसाला तिथे हा शब्द लावून हिणवतात. आता मी काहीही लिहिले, की खाली तेवढाच शब्द येतो.

मी तिथे जाणे सोडले आहे. डिसेंबरात पुण्याला जपानीची परीक्षा द्यायची होती, तीही सोडली. बाबांना कळल्यावर ते एवढेच म्हणाले, की बरां झालां.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.
तुझी,
दिव्या


आंबोली
१३ नोव्हेंबर २००७

चि. दिव्या हिस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. इथे नाचणी काढून झाली, धुके मात्र अजून दहा वाजेपर्यंत हलत नाही. वीआबू हा शब्द मी तीनदा वाचला. आपल्याकडे घराघरात एक बाबू असतोच, त्यात हा आणखी एक, असे मनात येऊन हसू आले. पुढचे वाचल्यावर आले नाही.

भाषेच्या वेडाबद्दल मला तक्रार नाही. सरकारी दवाखान्यात मी नर्स होते तेव्हा आमच्यात केरळच्या एक सिस्टर होत्या. मालवणी बोलायची त्यांना भारी हौस. 'माका' म्हणायचे तिथे 'तुका' म्हणायच्या आणि सगळा वॉर्ड हसायचा. पण बाळंतिणी हाक त्यांनाच मारायच्या. लोक हसले म्हणून त्यांनी बोलणे सोडले नाही.

पण बाय, तू आई बदललीस. नर्मदा अंधारात उठून लिलावाला जाते, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसते, आणि त्यातून तुझ्या कॉलेजचे चालते. तिला उठवून तिच्या जागी तू किमोनोवाली बाई बसवलीस. तुला कशाचे वाईट वाटते आहे ते एकदा शांतपणे बघ. खोटे पकडले गेले याचे, की खरे सांगायची लाज वाटली याचे?

मी नर्मदेला काही कळू देणार नाही. ते तुझे तू सांगायचे आहे.

प्रकृतीस जप. माझी माया कमी झालेली नाही, हे वेगळे लिहायला नको.
तुझी,
आनंदीमावशी


दांडी, मालवण
२७ डिसेंबर २००७

तीर्थरूप आनंदीमावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला दीड महिना उत्तर दिले नाही. काय लिहावे ते कळत नव्हते. आता घडले आहे ते लिहिते.

गेल्या बुधवारी मोरिता नावाचे सत्तरीचे जपानी गृहस्थ एकटेच किल्ला बघायला आले होते. होडीतून उतरताना धक्क्याच्या पायरीवर घसरले. डोक्याला खोक पडली, मांडी सुजली. बाबा तिथेच होते. त्यांनी आणखी दोघांच्या मदतीने त्यांना रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेले. मोरितांना इंग्रजी येत नव्हते. तेव्हा बाबा घरी आले आणि उंबऱ्यातूनच मला म्हणाले, की तुजी ती कार्टुनां आज कामाक येतत काय बघ.

मी पहिले वाक्य बोलले आणि एवढ्या दुखण्यातही ते हसले. मी बहुधा तलवार उपसलेल्या माणसासारखी बोलले असणार. मग माझा हात धरून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगू लागले. त्यातले रक्त आणि औषध हे शब्द मला कळले. मधला 'सारासारा' हा शब्द कळेना. कार्टूनमध्ये ओढ्याचे पाणी वाहताना किंवा मोकळे केस उडताना तो ऐकला होता, इतकेच.

खोकेतून रक्त थांबत नव्हते. डॉक्टरांनी दुखणे कमी करायचे इंजेक्शन भरून ठेवले होते. ते काय म्हणताहेत, असे त्यांनी मला विचारले. रक्त वाढायचे औषध मागताहेत, हे अगदी माझ्या ओठांवर आले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, बाबासुद्धा. मी म्हटले, की मला कळले नाही. डॉक्टर रागावले नाहीत. कुणाला विचारता येईल का, ते बघ म्हणाले.

समोरच्या गल्लीत गुरुदासचा कॅफे. वीज गेलेली, इन्व्हर्टरवर एकच संगणक चालू. त्यावर बसलेल्याला गुरुदासने उठवले. मोरितांचे वाक्य मी इंग्रजी अक्षरांत कट्ट्यावर लिहिले आणि खाली लिहिले, की माणूस जखमी आहे, लवकर सांगा. पहिली तीन उत्तरे आली त्यांत तोच एक शब्द होता. चौथे क्रोचे होते. त्याने लिहिले, की सारासारा म्हणजे न अडता वाहणारे, हे रक्त पातळ ठेवायचे औषध आहे, हृदयाचे रोगी घेतात, आधी डॉक्टरला सांग आणि सामानात गोळ्या शोध.

मी धावत गेले. इंजेक्शन ट्रेमध्येच होते. डॉक्टरांनी ते बाजूला केले. ते दिले असते तर रक्त आणखी सुटले असते, असे नंतर म्हणाले. गोळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात सापडल्या. घट्ट पट्टी बांधून त्यांना गाडीने गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेले. मी आणि बाबा बरोबर गेलो. आता त्यांना बरे आहे, त्यांची मुलगी येऊन पोचली.

परतताना बांद्याला चहाला थांबलो. तिथे बाबा म्हणाले, की इतक्या लोकांसमोर आपल्याला कळले नाही असे सांगणे त्यांना स्वतःला जमले नसते.

आईला ते ओसाकाचे अजून सांगितलेले नाही.

आशीर्वाद असू दे, सध्या त्याची गरज आहे.
तुझी,
दिव्या


आंबोली
५ जानेवारी २००८

चि. दिव्या हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून झाल्यावर थोडा वेळ अंगणात जाऊन उभी राहिले. तुला एक सांगते, ते मी कुणाला सांगितलेले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक कानडी बाई आली होती. डॉक्टरांनी मला विचारले, की हिला याआधी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का. मला तिचे बोलणे निम्मेच कळत होते. मी नाही म्हणून सांगितले. औषध दिल्यावर तिच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. सुदैवाने वाचली. त्या वेळी तू म्हणालीस ते तीन शब्द म्हणायला मी लाजले होते.

परीक्षेचा अर्ज पुन्हा भर. कार्टून बघ, पण एखादे धड पुस्तकही आण, म्हणजे पुढच्या म्हाताऱ्याशी तलवार न उपसता बोलशील.

आणि नर्मदेला सांग. आणखी लांबवू नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
आनंदीमावशी


दांडी, मालवण
२० जानेवारी २००८

तीर्थरूप आनंदीमावशीस,
सा. न. वि. वि.

आधी कट्ट्यावर खरे लिहिले. मी मालवणची, वडील सहदेव मासेमारी करतात, आई नर्मदा मासे विकते, जपान मी पाहिलेले नाही. काहींनी पुन्हा तोच शब्द लिहिला. क्रोनेही लिहिला, आणि पुढे मोरिता कसे आहेत म्हणून विचारले. आता मला तो शब्द लागत नाही, असे म्हणणार नाही. थोडा लागतो. तरी मी रोज जाते.

मग आईला सांगितले. ती कोळंबी सोलत होती, सोलतच राहिली. सगळे ऐकून तिने विचारले, की तुज्या त्या ओसाकाच्या आवशीक सुंगटां सोलूक येतत काय. मी म्हटले, की तिला मी कधी काही काम दिलेच नव्हते. आई म्हणाली, की नशीब काढल्यान. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला मात्र वाढत होती.

तिसऱ्या दिवशी मीच उठून तिच्याबरोबर लिलावाला गेले. टोपली मी घेतली. तिथे गोव्याचा एक नवा व्यापारी आला होता. त्याने माझ्याकडे बोट करून आईला विचारले, की हे चेडू कोणाचे. आई माशांचा वाटा निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, की तिकाच इचारा.

मी सांगितले, की नर्मदेची.

अर्ज आणला आहे, वेळ आली की भरीन. तू शिमग्याला खाली ये, आईने बोलावले आहे. लोभ आहे तो असाच धरून ठेव.
तुझी,
दिव्या