डावा फूटरेस्ट

देवळाली कॅम्प,
११ जानेवारी १९९८

चि. लखन यास,
अ. उ. आ. मी ठीक आहे. तुम्ही दोघंही ठीक असाल असं धरून चालतो, कारण तुझ्या पत्राची वाट बघत बसलो तर दाढी गुडघ्याला लागेल.

३१ मार्चला वर्कशॉपची नोकरी संपते. क्वार्टर सोडायची म्हणून आपली ट्रायल्स शर्यतीची जुनी इंग्लिश मोटारसायकल शेडमधून बाहेर काढली. सात वर्षं ताडपत्रीखाली होती, पण चौथ्या किकला सुरू झाली! शेजारच्या सखुबाई म्हणाल्या, आवाज एवढा आणि चाल बैलगाडीची. मी सांगितलं, या शर्यतीत पळायचं नसतं. दगडधोंड्यांवरून उभ्याने, हळू न्यायची, पाय जमिनीला टेकला की गुण गेला. त्यांना काही पटलं नाही.

आता मुद्दा. फूटरेस्ट नव्याने बसवतोय, दोन बोटं मागे आणि जरा खाली, म्हणजे उभं राहिल्यावर हँडलला लोंबकळावं लागत नाही. तुझा डावा पाय मोडल्यापासून आखूड झालाय, म्हणून डावा फूटरेस्ट तेवढा वर घ्यायचा. दोन्ही पायांचं कमरेपासून टाचेपर्यंतचं माप दोऱ्याने घे आणि पाकिटात घालून पाठव. या वेळी वेल्डिंग तुटणार नाही, ही हमी माझी.

आई तुझं दुखणं काढायला लासलगावला गेली ती या घरात परत आली नाही. माझ्यामुळे तिच्या लेकराचा पाय मोडला, हेच मनात धरून गेली. तूही फिरकला नाहीस. संध्याकाळी एक भाकरी टाकतो, त्यातली अर्धी उरते. लय एकटं वाटतं रे. नोकरी सुटायच्या आत तुला दारणेच्या पात्रातून एकदा गाडी नेताना बघायचंय. बाकी काही नको.

तुझा,
केरूदादा

लासलगाव,
२५ जानेवारी १९९८

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. इकडे लाल कांद्याचा हंगाम आहे. दिवसभर लिलावात या ट्रॉलीवरून त्या ट्रॉलीकडे पळतोय. माप घ्यायला सवड नाही आणि गरजही नाही. दोन्ही पाय आता सारखे आहेत.

गाडी विकून टाक. भाकरी उरत असेल तर लहान थापत जा. येणं जमणार नाही, राग मानू नये.

तुझा,
लखन

लासलगाव,
२६ जानेवारी १९९८

ती. स्व. भाऊजींस,
आशाचा सा. न. वि. वि. यांचं पत्र टपालात टाकायला मीच नेलं आणि वाटेत वाचलं, माफ करा. पाय सारखे असते तर डावी चप्पल पुढूनच कशी झिजली असती?

काल दुपारी हे झोपलेले असताना मी माप घेतलं. लाल दोरा उजव्या पायाचा, काळा डाव्याचा. काळा चांगला एका पेराने कमी भरला. माझ्या हाताने यांना जाग आली, पण डोळे उघडले नाहीत. पाय मात्र गुपचूप सरळ केला.

तुमचं नाव निघालं की हे ताटावरून उठतात. यांचा तुमच्यावर राग आहे, असंच मला इतकी वर्षं वाटायचं. आता तसं वाटत नाही. भाऊजी, हे तुम्हाला घाबरतात. कशाला, ते सांगत नाहीत.

आपली,
आशा

लासलगाव,
८ फेब्रुवारी १९९८

ती. स्व. दादास,
सा. न. आधी पत्र पुरतं वाच, मग शिव्या दे.

तू लिहिलंस, या वेळी वेल्डिंग तुटणार नाही. दादा, तुझं वेल्डिंग त्या वेळीही तुटलं नव्हतं. तू बसवलेले फूटरेस्ट मला पुढे वाटत होते. मागे घे म्हटलं तर तू खेकसलास, मला शिकवू नको म्हणून. मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी तू कामावर असताना मी गाडी नाशिकरोडला नेली. खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या एकाकडून ते कापून मागे जोडून घेतले आणि वर काळा रंग फासला. दुसऱ्या दिवशी दारणेच्या पात्रात दगडावर चढताना डावा निखळला.

दवाखान्यात आई तुला नाही नाही ते बोलली. तू मान खाली घालून चूक माझीच म्हणालास आणि मी गप्प पडून राहिलो. उद्या सांगू, उद्या सांगू करत आई गेली. शेवटच्या दिवशी तिने तुझं नाव काढलं होतं, केरूला बोलाव म्हणाली. मी ऐकलंच नाही असं केलं. लाज वाटते म्हणून येत नाही, दादा.

लखन

देवळाली कॅम्प,
१५ फेब्रुवारी १९९८

चि. लखन यास,
आशीर्वाद देतो, पण आज दातओठ खाऊन.

मला माहीत होतं. तुला जीपमध्ये घातल्यावर तो तुटका फूटरेस्ट मीच पाण्यातून काढला. अरे गाढवा, तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस स्वतःचं काम ओळखणार नाही? पिठल्याचा गोळा थापल्यासारखं होतं ते. पण तुला कमरेपर्यंत प्लास्टर, आणि आईशिवाय तुझं करणार कोण? तिचा राग माझ्यावरच राहू दे म्हटलं. बरा झालास की तू आपणहून सांगशील, एवढीच आशा होती. "या वेळी" हे मुद्दामच लिहिलं होतं.

सात दिवाळ्या एकट्याने काढल्या, त्याचा राग आहेच. आईने बोलावलं होतं, हे निदान तेराव्याला तरी सांगायचं होतंस. ते मला माफ करता येत नाही, खोटं कशाला लिहू. पण तेवढीच ओळ आज दहादा वाचली.

उजवा फूटरेस्ट बसवला, डावा टेबलावर पडून आहे. दोऱ्याने लांबी कळते, वजन कुठे पडतं ते कळत नाही. परवा एकट्यानेच गाडी भिंतीला टेकवून वर उभा राहिलो आणि खूण करायला वाकलो, तर गाडीसकट आडवा! सखुबाई हसून बेजार. तू उभं राहायचं, मी गाडी धरायची, आशाने खडूने खूण करायची. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने दोघं या. भाकरी किती टाकू, ते उलट टपाली कळव.

तुझा,
केरूदादा

लासलगाव,
१८ फेब्रुवारी १९९८

ती. स्व. दादास,
शि. सा. न. आशा दोन खाते, मी तीन. आणि फूटरेस्ट पुढे वाटला तर या वेळी तुझ्या तोंडावर सांगेन.

तुझा,
लखन