फोटोतली सावली

६ जानेवारी, राजूर
भाऊजी संगमनेरहून छोटा कॅमेरा घेऊन आले. दुकानदार ओळखीचा, वापरून बघा, नको असेल तर संक्रांतीनंतर परत द्या म्हणाला. ह्यांचा मोठा कॅमेरा माझ्या मनगटाला पेलत नाही. ह्यांच्यामागे स्टुडिओ चालवायचा तर हा जमायला हवा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ह्याच्यात समदं हाय. मिटल्यालं डोळं उघडितो, नको ते पुसतो. काम्पुटर लागतच न्हाई." डोळा लावायला खिडकी मात्र नाही. छातीशी धरून पडद्यात बघायचं. हे असते तर हसले असते.

७ जाने.
पासपोर्ट फोटो झकास. पण आपल्या मनाने गोरं करतो. डोंगरावरच्या एक मावशी आल्या होत्या. फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "ही मी न्हाई बाई. माझी बहीन बी न्हाई." गोरेपणा बंद केला. बटण कुठे खोल लपवून ठेवलंय मेल्याने!

९ जाने.
वर्षश्राद्ध जवळ आलं. सासूबाईंना भिंतीवर लावायला लेकाचा फोटो हवाय. अख्ख्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नाही. लग्नातला मुंडावळ्यांनी झाकलेला, आधारवरचा न बघण्यासारखा. मोबाईल पुढे केला की हे तोंड फिरवायचे. भाऊजींनी आधारवरचा ह्या कॅमेऱ्यात घेऊन गाल भरले, कोट चढवला, हसू आणलं. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिला. "ह्यो कोन पावना?" भाऊजी कॅमेरा ठेवून बाहेर गेले.

११ जाने.
पुसायचं बटण बघावं म्हणून माझ्या नि सासूबाईंच्या धरणावरच्या जुन्या फोटोचा फोटो घेतला. मागचा विजेचा खांब घालवायचा होता. कॅमेऱ्याने आपणहून खाली, आमच्या पायाशी पिवळं वर्तुळ काढलं. "सावली काढून टाकू?" मी होय दाबलं. तिथे गवत उगवलं.
ती ह्यांची सावली होती. फोटो काढताना ऊन पाठीशी घेऊन उभे राहायचे, दोन्ही कोपरं पसरून, कॅमेरा डोळ्याला. मूळ फोटो हातात धडधाकट होता, तरी मी किंचाळले. पुन्हा एकदा गेले हे, आणि या वेळी माझ्या बोटाने.

१२ जाने.
जेवण गेलं नाही. जुने फोटो काढून बसले. बाहेर काढलेल्या प्रत्येक फोटोत पायाशी हे आहेतच. दूध आणायला शेजारी गेले, तर त्यांच्या भिंतीवरच्या, अंगणात काढलेल्या बारशाच्या फोटोतही. म्हणजे गावात घरोघर आहेत. आता कुणाकडे गेलं की आधी भिंतीकडे नजर जाते, मग फोटोतल्या पायांशी. भीती म्हणावी तर ती नाही, पण...

१५ जाने.
वर्षश्राद्ध झालं. फोटो नाहीच, पाटावर सुपारी ठेवली. ऊन कलल्यावर सगळ्यांना अंगणात उभं केलं, सासूबाई मधे. ऊन माझ्या पाठीशी, कॅमेरा छातीशी, कोपरं अंगाला चिकटलेली. मनगट दुखतं, म्हणून तशीच धरते.
फोटो निघाला. पडद्यावर पिवळं वर्तुळ. "सावली काढून टाकू?"
सावलीची दोन्ही कोपरं पसरलेली. कॅमेरा डोळ्याला.
खाली मातीत पाहिलं. माझीच सावली होती, पदर घेतलेली. परत पडद्यात पाहिलं. कोपरं तशीच.
भाऊजींना दाखवायचं धाडस झालं नाही. सासूबाईंना दाखवलं. त्या कितीतरी वेळ वर्तुळावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "उन्हात किती येळ हुबा ऱ्हानार? घरात ये म्हन त्याला."

कॅमेरा ठेवायचा की परत द्यायचा, भाऊजी विचारताहेत. पडद्यावरचा प्रश्न तसाच आहे. बॅटरी संपत आलीय, आणि बंद करायला हात धजत नाही.