नाव मागाहून

हॅरो, नेब्रास्का
शनिवार, ११ जानेवारी १९८६

प्रिय रेनी,

तू आणि घरचे सगळे बरे असाल. तुझ्या आईला माझी आणि जोलीनची आठवण सांग. आम्ही ठीक आहोत. जोलीनच्या पायांना सूज आहे. डॉक्टर म्हणतात, आठव्या महिन्यात ती असतेच. बर्फ खूप आहे. मी याही हिवाळ्यात धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसतो. मक्याचे ट्रक येतात, मी वजन घेतो. दोन ट्रकांच्या मधे हे लिहितोय, तेव्हा तुटक वाटलं तर समजून घे.

फोन केला होता. तुझी आई म्हणाली, "तो बाहेर गेलाय, बाळा." तिच्या मागून तुझा आवाज ऐकू येत होता, तू कुणाला तरी मीठ मागत होतास. पुन्हा केला तेव्हाही तू बाहेरच होतास. म्हणून पत्र.

इथे सगळ्यांना बातमी लागली आहे. आपल्या बेसबॉल क्लबाने त्या समुद्रकाठच्या क्लबाकडून म्हातारा डावखुरा पिचर घेतला आणि बदल्यात "एक खेळाडू, नाव मागाहून" द्यायचं कबूल केलं. इथल्या पेपरात आलंय की तो आउटफिल्डमध्ये झेल घेणारा होतकरू पोरगा असणार: तू, नाहीतर मी. कोठारावरचे लोक आता मला लायल म्हणत नाहीत, 'मागाहून' म्हणतात.

"काय मागाहून, कॉफी घेणार?"

"त्याला काय विचारतोस? आधी तो आपला की त्यांचा, ते ठरू दे."

"बायकोनं तरी नाव विचारून लग्न केलं ना रे?"

मी हसतो. जोलीन हसत नाही. फोन वाजला की ती आधी माझ्याकडे बघते.

तिला जायचंय. मलाही जायचंय. हे तुला स्पष्ट कळलेलं बरं. आपल्या वरच्या संघात सेंटर फील्डला, म्हणजे माझ्या जागेवर, जो उभा आहे तो माझ्याहून लहान आहे आणि कधी आजारी पडत नाही. तिकडे मात्र आउटफिल्ड रिकामंच आहे. गेलो तर एप्रिलमध्ये मोठ्या मैदानावर असेन. राहिलो तर पुन्हा तीच बस, तीच खानावळ. तुझंही तसंच. तुझी बॅट माझ्यापेक्षा चांगली आहे, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

मंगळवारी त्यांचा स्काउट खेळाडू पारखायला घरी येऊन गेला. ऑर्विल टिब्स. गेला सगळा हंगाम तिसऱ्या बेसमागे बसून शेंगा खायचा तो. तू त्याला खारोटी म्हणायचास. त्याने जोलीनच्या हातचा सफरचंदाचा केक खाल्ला, वर आणखी मागून घेतला. माझ्या वडिलांची चौकशी केली. मग ताटली बाजूला सारली.

"एक सांग, हॉस्टेटर. दुपारच्या सामन्यांत तू आपली जागा सोडत नाहीस. संध्याकाळच्या सामन्यांत लेफ्ट फील्डचे, रेनी बातिस्तचे, निम्मे झेल तू घेतोस. का?"

"चेंडू दिसला की धावतो."

"दुपारी दिसत नाही?"

जोलीन ताटल्या उचलत होती. ती थांबली.

"लोक म्हणतात बातिस्त आळशी आहे," टिब्स म्हणाला. "आळशी मला चालतो, त्याला पळवता येतं. काही म्हणतात तू हावरा आहेस. हावराही चालतो. तिसरं काही असेल तर ते मला आत्ता कळलं पाहिजे."

आत्ताच एक ट्रक आला, पत्र सोडून उठावं लागलं. ड्रायव्हर म्हणाला की उत्तरेकडचा रस्ता बंद झालाय. दक्षिणेकडचा सुरू आहे, म्हणजे टपाल जाईल.

रेनी, ऑगस्टमधली ती संध्याकाळ. दिवे लागले होते, आकाश अजून काळं झालं नव्हतं. चेंडू उंच गेला, अगदी तुझ्या डोक्यावर, कुणाही पोराने घेतला असता असा. तू ग्लोव्ह वर धरलास. चेंडू तुझ्या पाठीमागे पडला आणि तू तरीही वर बघत होतास. खोलीवर तू म्हणालास, "सूर्य डोळ्यांत आला." सूर्य केव्हाच बुडाला होता. मी म्हणालो, "हो, वाईट असतो या वेळचा."

त्यानंतर मी तुझे चेंडू घेऊ लागलो. दुरूनच "माझा!" म्हणून ओरडायचो आणि तू थांबायचास. जिथे मला पोचता येत नव्हतं तिथे तू चेंडूकडे नाही, माझ्या पायांकडे बघायचास. मी कुठे वळतो ते पाहून धावायचास. इतकं चांगलं जमवलं होतंस की आपल्या मॅनेजरलाही कळलं नाही. आपण एका खोलीत राहिलो, एका ताटलीतलं खाल्लं, आणि यावर एक शब्द बोललो नाही.

मग पेपरात आलं की हॉस्टेटर दोन जागा राखतो आणि बातिस्त उभ्या उभ्या झोपतो. स्टँडमधून लोक तुला "उशी पाहिजे का?" म्हणून ओरडायचे. तुम्हा काळ्या लोकांना आळशी म्हणायला इकडे फार वेळ लागत नाही, हे मला ठाऊक होतं. ते ऐकून तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी ग्लोव्हची दोरी आवळत बसलो. तुझ्या जिवावर मी मोठा होतोय असं तुला वाटलं असेल. वाटणारच. पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला तेच वाटलं.

टिब्सला मी सांगितलं.

"अंधारायला लागलं की त्याला चेंडू दिसत नाही," एवढंच म्हणालो. "रातांधळा?" टिब्सने विचारलं. तो शब्द त्याचा. मी तो खोडलाही नाही.

तो हसला.

"दोघांतला एक जण जाणार. आणि त्यातला एक मला सांगतोय की दुसऱ्याला दिसत नाही."

"खरं आहे ते."

"असेल. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. खरं असो, नसो." त्याने टोपी घातली. "पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी त्याच्या गावी, लुइझियानात आहे. बॅट आणि चेंडू गाडीत असतातच. दिवस मावळताना मारतो त्याला थोडे उंच. कळेल."

"त्याला आधी कळवाल ना?"

"कळवल्यावर मग मला काय कळणार?"

तो गेल्यावर जोलीन म्हणाली, "खरं तेच बोललास ना? मग तोंड का असं केलंस?"

"आपल्या सोयीचं खरं बोललो."

"आणि गप्प राहिला असतास, तो तिकडे गेला असता, आणि चेंडू त्याच्या तोंडावर बसला असता? मग कुणाच्या सोयीचं झालं असतं ते?"

तुझ्या तोंडाची काळजी होती म्हणून बोललो, की मला जायचंय म्हणून? चार दिवस काट्यापाशी बसून विचार केला. दोन्ही एकदमच बाहेर पडलं. त्यातलं एक वेगळं काढून तुला पाठवता आलं असतं तर पाठवलं असतं.

आता नीट ऐक. गुरुवारी मावळतीला त्याच्यासमोर उभा राहू नकोस. सकाळी ये म्हणावं. कारण विचारलं तर वाटेल ते सांग. लायल खोटारडा आहे म्हण, मत्सरी आहे म्हण. त्याने मला विचारलं तर मी हो म्हणेन. पण ते चेंडू अंगावर घेऊ नकोस. मी तुला ओळखतो, तू उभा राहशील. ग्लोव्ह वर धरून, मान ताठ ठेवून उभा राहशील, आणि तो फार उंच मारतो.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मी सांगतोय म्हणून जाऊ नकोस. आईला घेऊन जा.

दुपारचा टपालवाला येईल एवढ्यात. गुरुवारच्या आत हे पोचावं. शुक्रवारी मी फोन करणार नाही. करायचा झाला तर तू कर. शिव्या द्यायच्या असतील तरी कर.

आणि नाव तुझं आलं, तर जा. मी मनापासून म्हणतोय; निदान हे लिहिताना तरी म्हणतोय. तिथे पोचलास की पहिल्याच दिवशी सेंटर फील्डला जो असेल त्याला एकटा गाठ आणि सांग. मला तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही, आणि आपलं कसंबसं निभावलं. तो परका असेल. त्याला तोंडाने सांगावं लागेल.

अजून तरी तुझ्या डाव्या हाताला उभा असलेला,
लायल