ब्रेनिनच्या मानेवरची पिसं

तीर्थरूप गेथिनमामांच्या उजव्या गुडघ्यास भाचा मॅक्सेन याचा वाकून नमस्कार. (डावा बरा झाला की त्यालाही करीन.) इस्पितळात चहा बरा मिळतो का? शेजारच्या खाटेवरचा म्हातारा अजून गातो का? गात असेल तर आपणही वरच्या पट्टीत सुरू करावं, म्हणजे तो थांबेल. आबेरिस्टविथला आइस्क्रीमच्या गाडीवर होतो तेव्हा शेजारच्या गाडीवाल्यावर मी हाच उपाय केला होता. शेवटी दोघांनाही हाकललं, पण ते वेगळं.

इकडे सगळं ठीक आहे. तैफी नदीला पाणी बेताचं आहे, कोकरं झालीत, डॅफोडिल फुललेत आणि तुमचा कोंबडा ब्रेनिन जिवंत आहे. जिवंत हा शब्द मी विचार करून लिहिलाय.

तुम्ही निघताना काय म्हणालात ते मला पाठ आहे. ब्रेनिनच्या मानेवरची निळसर राखी पिसं तुम्ही येईपर्यंत जागच्या जागी राहिली, तर मासेमारी मंडळात रिकाम्या झालेल्या जागेसाठी माझं नाव सुचवणार, म्हणजे मला जन्मभर या नदीवर हक्कानं गळ टाकता येईल. नाही राहिली, तर मी बापाकडे परत जाऊन टायर बदलायचे. मामा, मला टायर बदलायचे नाहीत. टायर गोल असतो, त्याला सुरुवातही नाही नि शेवटही नाही, माणूस वेडा होतो. म्हणून मी रोज खुराड्यापाशी खुर्ची टाकून बसत होतो. तरी पिसं कमी व्हायला लागली. आधी डावीकडची, मग गळ्याखालची.

पहिला संशय टपालवाल्या मेन्नाबाईंवर. पत्र नसतानाही त्या फाटकापाशी रेंगाळतात, आणि परवा त्यांच्या टोपीत नवं पीस दिसलं. मी म्हटलं, "जरा टोपी बघू." त्या म्हणाल्या, "पोरा, आधी तुझी बघ, तिला गळ अडकलाय." (अडकला होता. मला सापडत नव्हता.) त्यांचं पीस तितराचं निघालं. पण ते त्यांनी फार तत्परतेनं दाखवलं, म्हणून नाव अजून खोडलेलं नाही.

मग पुलाखालच्या डोहावर पाद्री एल्फेड दिसले. मंडळाचे चिटणीस तेच, म्हणजे माझं नाव घ्यायचं की नाही तेही त्यांच्याच हातात. या दिवसांत दुपारी जरा ऊन पडलं की करड्या माश्या पाण्यावर उतरतात, आणि ट्राउट मासा खातो तर त्याच, किंवा तुमच्या कोंबड्याच्या पिसांची गळाला हुबेहूब तशी बांधलेली खोटी माशी. माझ्या गळाला सकाळपासून एक झाड, एक मेंढी (मागे झोका देताना, लोकर निघाली, मेंढी नाही) आणि माझंच कोपर लागलं होतं. पाद्रीबाबा मात्र एकामागून एक काढत होते.

मी विचारलं, "कशावर लागतायत?"

"देवाच्या कृपेवर, बाळ."

"कृपा कुठल्या रंगाची आहे?"

"काळी," असं म्हणून त्यांनी मूठ मिटली. मामा, या नदीवर कुणी काळी म्हणालं तर काळी सोडून कुठलीही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रविवारी चॅपेलमध्ये खरं बोला म्हणून सांगणारा माणूस सोमवारी डोहावर असा बोलतो. ते गेल्यावर पलीकडच्या झाडावर चढलो, तर फांदीत अडकलेली एक माशी सापडली. निळसर राखी पिसाची. पुरावा हातात आला आणि मी पाण्यात आलो. पाणी अजून हिवाळ्याचंच आहे.

रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनाला बायबलातला नेमका तो, शिष्य तीनदा खोटं बोलतो नि कोंबडा आरवतो, तो भाग घेतला. मला राहवलं नाही. उठून म्हटलं, कोंबड्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या कोंबड्याच्या पिसांचंही काय ते बोलून टाका. कुणीतरी खोकलं. पाद्रीबाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गेथिनचा भाचा ना तू? बस खाली, पाय दुखतील." निरपराध माणूस असा शांत राहतो का, तुम्हीच सांगा. मी तर निरपराध असूनही कधी शांत राहिलेलो नाही.

असो. गुडघ्याला जपा, घाई करून येऊ नका. खरंच येऊ नका.

आपला आज्ञाधारक,
मॅक्सेन

ता. क. पत्र चिकटवणार इतक्यात दाणे टाकायला गेलो, तर तुमची तांबडी कोंबडी ब्रेनिनच्या मानेचं पीस उपटून गिळत होती, आणि तो डोळे मिटून उभा, न्हाव्याकडे बसल्यासारखा. झाडावरच्या माशीची गाठही आता नीट पाहिली. जांभळा दोरा आहे, म्हणजे तुम्हीच बांधलेली जुनी. तांबडीला टोपलीखाली घातलं आहे. मानेमागे तीन पिसं शिल्लक आहेत.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहितोय, की आपण पाद्रीबाबांना दोन ओळी टाकाव्यात. पिसं आपणच जाताना काढून नेली, भाच्याला कल्पना नव्हती, पोरगं निष्ठेपायी बोललं, असं. आणि त्याच ओघात माझं नाव.

ता. क. तिसरा. लिहू नका. पाद्रीबाबा स्वतः येऊन गेले. हातात कागदात गुंडाळलेला ट्राउट. म्हणाले, "तरुणपणी रक्त गरम असतं, मी मनावर घेतलं नाही. बिचाऱ्या कोंबड्यासाठी एक प्रार्थना करतो, तू चहा ठेव." मी आत गेलो. चहा घेऊन आलो तर ते फाटकाबाहेर पोचलेले, एक हात कोटाच्या खिशात. हा माणूस चहा टाकून कधी गेलाय? तिथूनच ओरडले, "मंडळात तुझं नाव धरलंय रे. तुझ्यासारखी निष्ठेची माणसं हवीत."

मी खुराड्याशी गेलो. मानेमागे काही नाही. तांबडी टोपलीखालीच आहे, वर दगडही तसाच.

मी ट्राउट तळला आणि तो संपेपर्यंत नीट विचार केला. मामा, कोंबडीनंच खाल्ली. तुम्हालाही कुणी विचारलं, तर हेच सांगा.